शून्याचा पुरावा : गोवराच्या विषाणूची वंशावळ आणि भारताचे उद्दिष्ट

२४ एप्रिल २०२५ रोजी, जागतिक लसीकरण सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, केंद्रीय आरोग्यमंत्री जगत प्रकाश नड्डा यांनी गोवर आणि रुबेला यांच्या दूरीकरणासाठीच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ केला. उद्दिष्टाचे वर्ष ठरले २०२६. त्या प्रसंगी सरकारने दिलेल्या माहितीत एक आकडा होता : जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत देशातील ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता.

हा आकडा वाचून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याने प्रयोगशाळेत दुर्मीळ घटना मोजण्यात काही वर्षे घालवली आहेत, त्याच्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. मापकाने शून्य दाखवले तर त्याचे अर्थ दोन असू शकतात : मोजण्याजोगे काही नव्हते, किंवा मापकच नीट चालत नव्हता. पदार्थविज्ञानात ‘काही सापडले नाही’ असे जाहीर करण्यापूर्वी ‘असते तर नक्की सापडले असते’ हे दाखवावे लागते. गोवराच्या बाबतीत हे कसे दाखवतात, ती पद्धत पावणेदोनशे वर्षांत कशी घडत गेली आणि आज ती कोणत्या अडचणीपाशी येऊन ठेपली आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी दोन शब्दांतला फरक स्पष्ट करू. देवीचा आजार साऱ्या पृथ्वीवरून गेला, ते निर्मूलन. एखाद्या देशातून वा प्रदेशातून आजाराचा स्थानिक प्रसार थांबणे, ते दूरीकरण. गोवराचे दूरीकरण झाले असे म्हणण्यासाठी देशात एकही रुग्ण नसावा, अशी अट नाही. बाहेरून विषाणू येऊ शकतो, त्यातून लहानसा उद्रेकही होऊ शकतो. अट अशी आहे की, विषाणूच्या प्रसाराची एकही साखळी देशात सलग बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकता कामा नये, आणि हे सांगणारी रुग्णशोधाची यंत्रणा विश्वासार्ह असली पाहिजे. ही स्थिती छत्तीस महिने टिकल्यावर स्वतंत्र तज्ज्ञ समिती तिची पडताळणी करते. म्हणजे मोजायचे आहे ते रुग्णसंख्येपेक्षा साखळीचे सातत्य. जानेवारीत एका जिल्ह्यात आढळलेला विषाणू आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात आढळलेला विषाणू एकाच साखळीतले की वेगवेगळ्या, हे कळल्याशिवाय दूरीकरणाचा दावा करता येत नाही.

साखळी शोधण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न १८४६ सालचा आहे. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर त्या वर्षीच्या मार्चमध्ये कोपनहेगनहून एक सुतार आला आणि त्याच्यासोबत गोवर आला. बेटांची लोकसंख्या सुमारे ७,८०० होती. काही महिन्यांत त्यांतील ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पाठवलेला तरुण डॉक्टर पीटर लुडविग पानुम गावोगाव फिरला. कोण कोणत्या दिवशी कोणाला भेटले आणि अंगावर पुरळ कधी उठले, याच्या तारखा त्याने टिपल्या. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात. आणि १७८१ सालच्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते वृद्ध पासष्ट वर्षांनंतरही सुरक्षित राहिले.

पानुमच्या हाती विषाणू नव्हता. विषाणू ही कल्पनाही तेव्हा नव्हती. त्याच्याकडे होत्या तारखा आणि माणसांची स्मरणशक्ती. बेटावर बोटी मोजक्या आणि माणसे एकमेकांना ओळखणारी, म्हणून ही पद्धत चालली. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर किंवा दादरच्या पुलावर ती चालणार नाही. तिथे कोणाचा श्वास कोणापर्यंत पोहोचला, हे कोणालाच सांगता येणार नाही. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो, आणि बाधित व्यक्ती खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो.

गावात आणि शहरात हा आजार वेगळा का वागतो, याचे गणित विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडले. सांख्यिकीतज्ज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ मध्ये इंग्लंडमधील शहरांच्या नोंदी तपासल्या. लहान शहरांत साथ येते आणि विझते, मग बाहेरून ठिणगी पडेपर्यंत शांतता असते. सुमारे अडीच-तीन लाखांपेक्षा मोठ्या शहरांत मात्र गोवर कधीच पूर्णपणे विझत नाही. १९६६ मध्ये फ्रान्सिस ब्लॅक यांनी जगभरातील बेटांवरून असाच हिशेब मांडला, तेव्हा ही मर्यादा पाच लाखांच्या आसपास निघाली. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही; त्यामुळे विषाणूला सतत नवी बालके लागतात, आणि तेवढा जन्मदर मोठ्या वस्तीतच मिळतो. आजच्या बेंगळुरूची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. लस नसती तर या एका शहरात गोवर कायम मुक्कामाला राहिला असता. ‘गोवर प्रत्येकाला एकदा येतोच’ असे आमच्या आज्या म्हणत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावून मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवत. लस येण्यापूर्वीच्या काळात त्यांचे विधान अक्षरशः खरे होते.

ते खोटे ठरवणारी गोष्ट १९५४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका निवासी शाळेत सुरू झाली. जॉन एन्डर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून गोवराचा विषाणू वेगळा केला. पेशींच्या संवर्धनातून पुन्हा पुन्हा वाढवून तो दुर्बल करण्यात आला, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत लशीला परवानगी मिळाली. त्याच विषाणूचा एक वंशज झाग्रेब शहरात तयार झाला. ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या नावाचा हा प्रकार पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आपल्या लशीत वापरते. त्या एका शाळकरी मुलाच्या विषाणूचे दुर्बल वंशज आज कोट्यवधी भारतीय बालकांच्या दंडात टोचले जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इन्फ्लुएन्झाचा विषाणू रूप बदलतो म्हणून त्याची लस वारंवार बदलावी लागते. करोनाच्या काळात ‘नवा प्रकार’ हे शब्द ऐकताच आपल्या पोटात गोळा येई. गोवराचे तसे नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने आपल्या पेशींना ज्या जागी चिकटतात, त्या जागा बदलल्या तर त्याची पेशीत शिरण्याची क्षमताच जाते. म्हणून १९५४ च्या विषाणूपासून बनलेली लस आजच्या प्रत्येक प्रकारावर चालते. गोवराचे प्रकार तपासण्यामागे लस निकामी होण्याची भीती नाही. एका साखळीला दुसरीपासून वेगळे करणे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

हे वेगळेपण दिसू लागले ते जनुकीय अक्षरे वाचता येऊ लागल्यावर. गोवराच्या विषाणूचा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एक धागा, सुमारे १५,८९४ अक्षरांचा, आणि त्यावर सहा जनुके. यांतील एन नावाच्या जनुकाच्या शेवटच्या टोकाला ४५० अक्षरांचा एक तुकडा आहे. पूर्ण जनुकसंचातील सर्वाधिक बदलणाऱ्या भागांपैकी तो एक. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच तुकड्यावर आधारित नामपद्धती ठरवली. ए पासून एच पर्यंतचे गट आणि त्यांतील उपगट मिळून एकूण २४ जनुकीय प्रकार मान्य झाले. लशीतील विषाणू ए या प्रकारात मोडतो.

या वाचनाचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेत झाला. १९८९ ते १९९२ या काळात तिथे गोवराने पुन्हा डोके वर काढले होते, तेव्हाचे विषाणू डी३ या प्रकाराचे होते. लसीकरणाची मोहीम वाढवल्यानंतर रुग्ण कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. मग फरक कशात पडला? पुढच्या वर्षांतील नमुन्यांत डी३ ची सलग मालिका दिसेना. त्या जागी कधी एका खंडातला, कधी दुसऱ्या खंडातला प्रकार थोडा काळ दिसे आणि लुप्त होई. घरातला विषाणू गेला होता आणि उरले होते ते पाहुणे. २००० साली अमेरिकेने दूरीकरण जाहीर केले, त्यामागच्या पुराव्यांत ही वंशावळ होती.

भारतात गोवराची लस १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. त्यानंतर बराच काळ देशात कोणते प्रकार फिरत आहेत, याची माहिती तुरळक होती. हे काम प्रामुख्याने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने उभे केले. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था. या शतकाच्या आरंभी तेथील नितीन वैरागकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील विषाणूंचे क्रम प्रसिद्ध केले. २००५-०६ च्या सुमारास तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक अशा राज्यांत उद्रेकांची प्रयोगशाळेतून खातरजमा करण्याची व्यवस्था सुरू झाली आणि नमुने वाढले. २००५ ते २०१० या काळाचा आढावा घेतला तेव्हा चित्र दिसले : डी४ आणि डी८ हे प्रकार सर्वदूर, आणि डी७ क्वचित. पुढे बी३ हाही प्रकार आढळला.

प्रत्येक विषाणूला मिळणारे नाव पाहण्यासारखे असते. उदाहरणार्थ, ‘एमव्हीएस/गीर सोमनाथ.आयएनडी/४२.१६’. पहिल्या अक्षरांचा अर्थ, गोवर विषाणूचा थेट रुग्णाच्या नमुन्यातून वाचलेला क्रम. मग ठिकाण, मग देश, आणि शेवटी आठवडा व वर्ष : २०१६ चा बेचाळिसावा आठवडा. गुजरातमधल्या एका जिल्ह्याचे नाव असलेला हा डी८ प्रकारातला क्रम २०१८-१९ मध्ये युरोपभर आढळला आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या अहवालांत गीर सोमनाथ हे नाव पुन्हा पुन्हा आले. हे नाव दूषण म्हणून वाचू नये. नाव विषाणूच्या जन्माचे ठिकाण सांगत नाही. तो प्रथम कुठे वाचला गेला, एवढेच सांगते. डी८ चा संदर्भ-विषाणू १९९४ मध्ये मँचेस्टरमध्ये नोंदला गेला, म्हणून तो मँचेस्टरचा ठरत नाही. उलट, गीर सोमनाथचा क्रम जागतिक संग्रहात आधीच होता म्हणून युरोपातल्या साखळ्यांना ओळख मिळाली. जो देश वाचत नाही, त्याच्याकडचे विषाणू अनामिक राहतात, आणि अनामिक विषाणूची साखळी तुटली की चालू आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

दरम्यान लसीकरणाची बाजूही पुढे सरकली. २०१० पासून दुसरा डोस आला. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी गोवर-रुबेला लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम बेंगळुरूतून सुरू झाली. पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, गोवा आणि लक्षद्वीप येथील सुमारे ३.६ कोटी मुले होती. नऊ महिने पूर्ण झालेल्या बालकापासून पंधरा वर्षांखालील मुलांपर्यंत सर्वांना, आधी लस घेतली असो वा नसो, एक डोस. महाराष्ट्रात ही मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली. मग करोनाची वर्षे आली, नियमित लसीकरण चुकले, आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी भागात, तसेच मालेगाव आणि भिवंडी येथे गोवर परतला. बालकांचे मृत्यू झाले. उद्रेकाच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही जादा डोस देण्याचा विचार करावा, असा सल्ला केंद्राला द्यावा लागला.

हे का घडले, ते साध्या गणितात बसते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना बाधित करतो. साखळी तुटायची तर एका रुग्णामागे सरासरी एकापेक्षा कमी नवे रुग्ण व्हायला हवेत. म्हणजे बारा धरले तर सुमारे ९२ टक्के, आणि अठरा धरले तर सुमारे ९४ टक्के लोक सुरक्षित हवेत. २०२४-२५ च्या सरकारी नोंदींनुसार पहिला डोस ९३.७ टक्के आणि दुसरा ९२.२ टक्के बालकांपर्यंत पोहोचला. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के बालकेच सुरक्षित होतात, म्हणून दुसरा हवा. दुसऱ्या डोसाने उरलेली सर्व बालके सुरक्षित झाली असे मानले, तरी लशीमुळे मिळणारे संरक्षण ९३.७ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. आपण उंबरठ्यावर उभे आहोत. आणि हे सरासरीचे बोलणे झाले. विषाणू सरासरीत राहत नाही, तो एखाद्या वस्तीत, एखाद्या तांड्यावर, ऊसतोडीच्या फडावर किंवा बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतो.

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ३३२ जिल्ह्यांतल्या शून्यावर विश्वास कधी ठेवायचा? त्यासाठी एक सुंदर निकष आहे. ताप आणि पुरळ असणारा प्रत्येक रुग्ण गोवराचा संशयित धरून तपासायचा. त्यांपैकी बहुतेकांना दुसराच काही आजार निघेल. अशा ‘गोवर नाही, रुबेलाही नाही’ असे ठरून वगळलेल्या रुग्णांचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे किमान दोन हवे. एखाद्या जिल्ह्यात गोवर शून्य आणि वगळलेले संशयितही शून्य, तर तिथे गोवर नाही असे समजायचे नाही. तिथे कोणी पाहिलेच नाही असे समजायचे. प्रयोगशाळेत मापक जिवंत आहे हे कळण्यासाठी आपण त्याच्या पार्श्वभूमीतल्या किरकोळ नोंदी पाहतो. इथेही तेच तत्त्व आहे. आशा कार्यकर्तीने कळवलेला प्रत्येक पुरळवाला मुलगा, तपासणीत गोवर न निघालेला, मापक चालू असल्याची साक्ष देतो.

दुसरी साक्ष विषाणूची. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्त पुरळ उठल्यानंतर काही आठवडे घेतले तरी चालते. आरएनए वाचायचा तर घशातला किंवा नाकातला नमुना पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवसांत घ्यावा लागतो, आणि बर्फाच्या डब्यातून, थंडावा न तुटता, प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. पुण्याची मुख्य संस्था, तिचे बेंगळुरू केंद्र, चेन्नईची किंग इन्स्टिट्यूट अशा प्रयोगशाळांच्या जाळ्यात हे नमुने जातात. निकष असा की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या किमान ८० टक्के उद्रेकांतून विषाणू वाचला गेला पाहिजे. लसीकरणानंतर आठ-दहा दिवसांत काही बालकांना सौम्य ताप-पुरळ येते, आणि रक्तात प्रतिपिंडेही सापडतात. तो गोवर आहे की लशीची प्रतिक्रिया, हेही विषाणूच सांगतो : प्रकार ए निघाला तर चिंता नाही.

पोलिओच्या लढ्यात भारताने हे तंत्र शिखरावर नेले होते. मुंबईच्या एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पोलिओ-विषाणूंचे क्रम वाचले जात. तिथे वाचायचा तुकडा सुमारे ९०० अक्षरांचा, आणि बदलाचा वेग वर्षाला साधारण एक टक्का. म्हणजे वर्षात नऊ बदल. दोन विषाणूंत सत्तावीस फरक दिसले तर काहीतरी चुकले आहे हे लगेच कळे : मधल्या काळात साखळी कुठेतरी नजरेआड चालू राहिली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आजारी पडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे हे घड्याळ होते.

गोवराचे घड्याळ फार मंद आहे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. बदलाचा वेग दर दहा हजार अक्षरांमागे वर्षाला पाच-सहा धरा. ४५० अक्षरांच्या तुकड्यात वर्षाला पाव बदल होतो. म्हणजे तीन-चार वर्षांत एक. आणि आपली कसोटी आहे बारा महिन्यांची. ज्या घड्याळाला फक्त तासकाटा आहे, त्यावर आपण मिनिटे मोजू पाहत आहोत. जानेवारी आणि ऑक्टोबरमधले दोन विषाणू या तुकड्यात तंतोतंत सारखे निघाले तर साखळी चालू आहे असेही म्हणता येते, आणि शेजारच्या देशातून तोच विषाणू दुसऱ्यांदा आला असेही म्हणता येते.

पूर्वी ही अडचण जाणवत नव्हती, कारण जगात प्रकार पुष्कळ होते. २००२ मध्ये १३ जनुकीय प्रकार नोंदले गेले होते. लसीकरण वाढले तशा शाखा एकामागून एक गळाल्या. चीनमधला एच१ गेला, आपल्याकडे सर्वदूर असलेला डी४ गेला. २०२१ पासून जगात नोंद होते ती फक्त बी३ आणि डी८ या दोघांची. ही लशीची फार मोठी कमाई आहे. पण त्यामुळेच ‘डी८ आढळला’ या वाक्यात आता फारशी माहिती उरलेली नाही. यश जवळ येते तसे जुने मोजमाप आंधळे होते, हा या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

उपाय ठाऊक आहे : तुकडा लहान असेल तर मोठा वाचावा. पूर्ण १५,८९४ अक्षरे वाचली तर त्याच वेगाने वर्षाला आठ-नऊ बदल दिसतात. पोलिओच्या घड्याळाइतकेच. ते शक्य नसेल तिथे एम आणि एफ या जनुकांच्या मधला, सुमारे हजार अक्षरांचा आणि प्रथिन न घडवणारा भाग वाचता येतो. तो अधिक मोकळेपणाने बदलतो. अर्थात याचीही मर्यादा आहे. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत साधारण बारा दिवस धरले तर वर्षात तीस पिढ्या होतात, आणि बदल आठ-नऊ. म्हणजे कोणाकडून कोणाला संसर्ग झाला, हे अक्षरे एकटी सांगू शकत नाहीत. तिथे पानुमचीच पद्धत लागते : गावात जाऊन तारखा विचारणे.

साखळीचा पुरावा प्रत्यक्षात किती निर्णायक ठरतो, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. कॅनडात १९९८ पासून गोवराचे दूरीकरण झालेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात परदेशातून आलेल्या संसर्गातून उद्रेक सुरू झाला आणि इतर प्रांतांत पसरला. ‘ऑन्टारिओ.सीएएन/४७.२४’ हा डी८ प्रकारातला एकच क्रम बारा महिन्यांनंतरही मिळत राहिला. रुग्णसंख्या ५,००० च्या पुढे गेली होती. पण कॅनडाचा दर्जा गेला तो संख्येमुळे नव्हे. एकच साखळी वर्षभर न तुटता चालली, म्हणून गेला. आपल्या शेजारी भूतान आणि मालदीव यांनी २०१७ मध्ये, तर श्रीलंकेने २०१९ मध्ये दूरीकरण सिद्ध केले. ते टिकवण्यासाठी त्यांनाही हीच कसोटी सतत द्यावी लागते.

शून्य फसवे कसे असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र गोवराच्या सख्ख्या भावाचे आहे. गुरांचा बुळकांडी हा आजार ज्या विषाणूमुळे होई, तो आणि गोवराचा विषाणू एकाच पूर्वजाचे वंशज. बर्लिनमध्ये जतन केलेल्या १९१२ सालच्या एका फुप्फुसातून गोवराचा जनुकसंच वाचून २०२० मध्ये संशोधकांनी अंदाज बांधला की, या दोन शाखा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास वेगळ्या झाल्या असाव्यात. बुळकांडीने आपल्याकडे इतका संहार केला की तिच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. पुढे ती मुक्तेश्वरला गेली. बुळकांडीच्या विषाणूच्या तीन शाखा होत्या, एक आशियाई आणि दोन आफ्रिकी. आफ्रिकेतली दुसरी शाखा १९६० च्या दशकानंतर कोणाला दिसली नव्हती. ती संपली असे मानले जाई. १९९४ मध्ये केनियातील त्साव्हो अभयारण्यात रानम्हशी मरू लागल्या. विषाणूचा क्रम वाचला तेव्हा तीच शाखा निघाली. तीस वर्षे ती गुरांत सौम्य रूपात, कोणाच्या नोंदीत न येता, वावरत होती. वाचन झाले म्हणून ती सापडली आणि तिचा पाठलाग करता आला. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. गोवराच्या कुळातला एक विषाणू माणसाने संपवून दाखवला आहे.

शेवटी, हे सारे कशासाठी, याची एक खूण बेंगळुरूतच आहे. येथील निम्हान्स या मेंदूविकार संस्थेत अनेक दशके एसएसपीई या आजाराचे रुग्ण येत आले आहेत. बालपणी गोवर होऊन गेलेल्या मुलाच्या मेंदूत विषाणू गुपचूप उरतो आणि काही वर्षांनी, मूल शाळेत रमलेले असताना, त्याची स्मृती, चाल आणि वाचा हिरावू लागतो. यावर खात्रीचा उपाय नाही. अशा रुग्णांच्या मेंदूतून विषाणूचे क्रम वाचले गेले तेव्हा ते लशीचे निघाले नाहीत. रुग्णाच्या बालपणी त्याच्या प्रदेशात जो रानटी प्रकार फिरत होता, त्याचेच निघाले. आज एखाद्या वस्तीत सुटलेल्या साखळीची किंमत असे एखादे मूल आठ-दहा वर्षांनी मोजते, जेव्हा तो उद्रेक सर्वांच्या विस्मरणात गेलेला असतो.

म्हणून २०२६ मध्ये येणाऱ्या बातम्या वाचताना फक्त रुग्णांचा आकडा पाहू नये. त्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. किती संशयित तपासून वगळले गेले? किती उद्रेकांतून विषाणू वाचला गेला? आणि त्यांपैकी किती पूर्ण वाचले गेले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर एखाद्या जिल्ह्यात दोन-चार रुग्ण सापडले तरी घाबरण्याचे कारण नाही. ती नसतील, तर शून्य रुग्ण सांगणारा जिल्हाही निश्चिंत होऊ शकत नाही.